परीघ काढताना पाय (π) चुकत नाही, व्यास चुकतो

सिन्नरच्या एका तरुण फॅब्रिकेटरने विचारलं आहे: द्राक्षबागेसाठी पाण्याच्या गोल टाकीचं काम घेतलं. आतला व्यास २००० मिमी, एमएस पत्रा ५ मिमी. वरची डिश, म्हणजे टाकीचं फुगीर झाकण, तयार आणली, तीही आतून २००० ची. परीघ म्हणजे पाय गुणिले व्यास, म्हणून ३.१४ ने गुणून ६२८० मिमी पत्रा कापला, रोल करून आणला, उभा सांधा टॅक केला, म्हणजे वेल्डचे ठिपके मारून तात्पुरता जोडला. आता डिश ठेवली तर चहूबाजूंनी टाकीच्या बाहेर येते. आयटीआयमध्ये २२/७ शिकवलं होतं, मोबाईल ३.१४१५९२६ दाखवतो, शेजारचा शेडवाला म्हणतो सव्वातीनपट धर. मग खरा पाय कोणता आणि परीघ नक्की काढायचा कसा? टँकरच्या लंबगोल टाकीचंही त्यांनी विचारलं आहे. त्याकडे शेवटी येतो.

भाऊ, तुमचा पाय थोडासाच चुकला आहे. मोठी चूक व्यासात आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या शेडमध्ये पत्रा वाकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गोल काम बिघडून आलं की पोरं आधी पायकडे बोट दाखवतात, हे मी कायम बघत आलो. पाय बिचारा सगळीकडे तोच असतो. कुठल्या वर्तुळाचा परीघ काढतोय हे ठरवायचं राहून जातं.

वहीतल्या वर्तुळाला जाडी नसते. पेन्सिलीची रेघ, तिचा एकच व्यास. तुमच्या टाकीत मात्र तीन वर्तुळं आहेत: आतल्या अंगाचं २००० चं, बाहेरच्या अंगाचं २०१० चं आणि दोन्हींच्या मधोमध पत्र्याच्या जाडीतून जाणारं २००५ चं. तिघांचे परीघ वेगळे. आतला ६२८३, मधला ६२९९, बाहेरचा ६३१५. आतल्या-बाहेरच्यात ३१ मिमीचा फरक आहे आणि पत्रा मात्र एकच कापायचा आहे. कापायचा तो मधल्या वर्तुळाने.

का, ते नीट समजून घ्या. पत्रा रोलरमधून गोल होताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. मधल्या थराला मात्र ताणही नाही आणि दाबही नाही. सपाट असताना त्याची जी लांबी होती, तीच गोल झाल्यावरही राहते. म्हणून कटिंग लेंथ काढताना व्यास धरायचा तो या मधल्या थराचा. शेडमध्ये आपण त्याला मीन डाया म्हणतो. आयडी, म्हणजे आतला व्यास, दिला असेल तर त्यात एक जाडी मिळवा. ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, दिला असेल तर त्यातून एक जाडी वजा करा. दोन जाड्या नाहीत, एकच. अर्धी या बाजूची आणि अर्धी त्या बाजूची.

आता तुमचा हिशेब मांडू. हवा होता २००५ गुणिले ३.१४१६, म्हणजे ६२९८.९ मिमी. तुम्ही कापला ६२८०. तूट १८.९ मिमी. यातले १५.७ मिमी जाडी न धरल्यामुळे गेले आणि ३.२ मिमी ३.१४ धरल्यामुळे गेले. ३.२ मिमी म्हणजे बरोबर एक सूत, इंचाचा आठवा भाग. सहा भागांतला एक भाग पायचा आणि पाच भाग जाडीचे. पडताळाही घेता येतो. ६२८० चा पत्रा गोल केला की मीन डाया १९९९ येतो, म्हणजे टाकी आतून १९९४ आणि बाहेरून २००४. तुमची डिश बाहेरून २०१०. म्हणजे डिश सगळीकडे ३ मिमी बाहेर डोकावणार. टाकीवर टेप लावून पाहा, आकडे याच्या आसपासच निघतील.

खरी गंमत पुढेच आहे. ५ मिमीचा १५०० रुंदीचा पत्रा बाजारात ६३०० लांबीचा मिळतो. आतून दोन मीटरची टाकी त्या एका पत्र्यात जवळजवळ नेमकी बसते, फक्त कडा सरळ करून घ्यायच्या. तुम्ही ६३०० मधून ६२८० कापला, म्हणजे २० मिमीची एक पट्टी भंगारात टाकली. टाकीला जेवढा पत्रा कमी पडला, तेवढाच त्या पट्टीत होता.

तोंडपाठ ठेवायची एकच गोष्ट सांगतो: जाडीचा प्रत्येक मिलिमीटर लांबीत ३.१४ मिमी मागतो, टाकी लहान असो की मोठी. २ मिमी पत्रा असेल तर आतल्या परीघात ६.३ मिळवा, १० मिमी असेल तर ३१.४. सळईच्या कडीलाही हेच लागू. १० मिमी सळईची आतून १०० मिमीची कडी हवी असेल तर सळई ११० च्या हिशेबाने कापायची, म्हणजे ३४५.६ मिमी. १०० च्या हिशेबाने ३१४ कापलीत तर कडी आतून ९० ची होते. मग ज्या पाइपवर ती बसवायची तो पाइप हातात घेऊन माणूस उभाच राहतो.

एक सावधगिरी मात्र ठेवा. व्यास जाडीच्या वीस-पंचवीस पट किंवा त्याहून जास्त असेल, तेव्हा मधला थर खरोखर मधोमध राहतो. तुमच्या टाकीत तो चारशे पट आहे, त्यामुळे काळजीच नाही. पण जाड पट्टी अगदी आखूड गोलाईत वाकवायची असेल, तर न ताणणारा थर आतल्या बाजूला सरकतो आणि मीन डायाने काढलेली लांबी थोडी जास्त भरते. तिथे कागदावरच्या आकड्याला चिकटून राहू नका. एक तुकडा वाकवून मोजा आणि मगच बाकीचा माल कापा.

जुन्या लोहारांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण ते चुकत नसत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना चाकाचा घेर मोजायचा, त्यात पट्टीच्या जाडीची तिप्पट मिळवायची आणि त्यातून बेतशीर तूट ठेवायची. मग धाव लाल करून चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड दर अंशाला लाखात सुमारे १.२ भाग फुगतं. १४०० मिमी व्यासाच्या धावेचा परीघ ४३९८ मिमी. ती सहाशे अंशांनी तापवली तर तीस मिमीच्या वर लांबते. लोहाराने ठेवलेली तूट या तीस मिमीच्या आत असली की गरम धाव चाकावर सहज उतरते, आणि गार झाली की आरे, पाटे सगळं आवळून धरते. तूट जास्त झाली तर धाव चढतच नाही, कमी झाली तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर गळून पडते. मुद्दाम चुकीचा परीघ कापायचा, पण किती चुकीचा ते नेमकं ठाऊक असायचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खरा पाय कोणता. खरा म्हणाल तर तो पूर्ण लिहून काढताच येत नाही. १७६१ मध्ये लॅम्बर्ट या गणितज्ञाने सिद्ध केलं की पाय कुठल्याच दोन पूर्णांकांच्या भागाकाराने मिळत नाही. म्हणजे २२/७ हा पाय नाही, ३.१४ हाही नाही आणि मोबाईलवरचे आकडेही कुठेतरी तोडलेलेच आहेत. आपण फक्त कामापुरता जवळचा आकडा घेतो.

२२/७ म्हणजे ३.१४२८५७. खऱ्या पायपेक्षा तो सुमारे ०.०४ टक्के जास्त आहे. ३.१४ हा सुमारे ०.०५ टक्के कमी आहे. म्हणजे दोघांत २२/७ जास्त जवळचा, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. दशांश चिन्ह दिसलं की आकडा जास्त काटेकोर असणार, असा आपला समज असतो. तुमच्या २००५ मीन डायाला २२/७ ने ६३०१.४ येतात, म्हणजे अडीच मिमी जास्त. ३.१४ ने ६२९५.७ येतात, म्हणजे ३.२ मिमी कमी. पत्र्याच्या कामात कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं केव्हाही चांगलं, कारण ग्राइंडरने कमी करता येतं, वाढवता येत नाही. म्हणून कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर जुन्या मंडळींचं 'तीनपट आणि वर सातवा हिस्सा' हे मला ३.१४ पेक्षा पसंत आहे. सव्वातीनपट मात्र माल मागवण्यापुरतं ठीक. त्याने कापायला गेलात तर दोन मीटरच्या टाकीला दोनशे मिमीच्या वर पत्रा जास्त निघेल.

मोबाईल जवळ आहे तर ३.१४१६ धरा आणि विषय संपवा. २००५ ला या आकड्याने येणारी चूक मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी आहे. मार्किंगच्या खडूची रेघच त्याच्या पन्नासपट जाड असते. पुढचे आठ-दहा दशांश आकडे मारून कोणी काटेकोरपणा दाखवत असेल, तर त्याला आधी विचारा की व्यास कशाने मोजला.

हा ३.१४१६ इंग्रजांनी आणलेला नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात तो दिला आहे: २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२. आणि त्याला त्याने 'आसन्न' म्हटलं, म्हणजे जवळचा. नेमका असा दावा केला नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका श्लोकात आहे. व्यासाला 'भनन्दाग्नि' ने गुणा आणि 'खबाणसूर्य' ने भागा. भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३. उजवीकडून मांडत गेलं की ३९२७. ख म्हणजे शून्य, बाण ५, सूर्य १२, म्हणजे १२५०. भागून पाहा, नेमके ३.१४१६ येतात. हा परीघ सूक्ष्म. पुढच्याच ओळीत ते म्हणतात, २२ ने गुणून ७ ने भागलं तर येतो तो स्थूल, पण व्यवहारयोग्य. बारीक कामाला कुठला आणि रोजच्या कामाला कुठला, याची विभागणी त्यांनी तेव्हाच करून ठेवली होती. आपल्याकडून चाळीसगावला जाणं झालं तर पाटणादेवीला जाऊन या. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे.

अपूर्णांकच हवा असेल तर ३५५/११३ घ्या. ११, ३३, ५५ हे आकडे ओळीने लिहा, मधोमध तोडा, शेवटच्या तीन आकड्यांना पहिल्या तिनांनी भागा. सहा दशांशांपर्यंत बरोबर येतं. हा चीनच्या त्सू चुंगचीने पाचव्या शतकात काढला. साध्या कॅल्क्युलेटरवर पायचं बटण नसतं, तिथे मी हाच वापरतो.

आता मोजण्याकडे येऊ. इथे जेवढी गडबड होते तेवढी गुणाकारात होत नाही. व्यास टेपने मोजणं दिसतं तेवढं सोपं नाही. टेप केंद्रातून गेला नाही तर तुम्ही जीवा मोजता आणि ती नेहमी व्यासापेक्षा कमी भरते. त्यातून रोल केलेलं शेल, म्हणजे टाकीचं गोल अंग, क्वचितच बरोबर गोल असतं. जमिनीवर आडवं ठेवलं तरी स्वतःच्या वजनाने बसतं. एका दिशेला २०१०, दुसऱ्या दिशेला १९९०. तुम्ही २०१० मोजून पायने गुणलंत तर परीघ ३१ मिमी जास्त सांगाल, १९९० मोजलंत तर तेवढाच कमी. पण बाहेरून टेप गुंडाळला तर शेल थोडं चपटं असलं तरी परीघ जवळपास तोच मिळतो. म्हणून तयार गोल वस्तूचा व्यास मोजून परीघ काढू नका. उलट करा: परीघ मोजा आणि व्यास हवा असेल तर ३.१४१६ ने भागा. झाडांचंही असंच करतात. जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर टेपने घेतात आणि व्यास त्यावरून काढतात, कारण खोडाच्या आत टेप घालता येत नाही.

टेप गुंडाळताना तो थोडा तिरका गेला तर लोक फार घाबरतात. तुमच्याएवढ्या टाकीवर टेप अर्ध्या फेरीत ५० मिमी वर चढला आणि उरलेल्या अर्ध्यात खाली आला, तरी मापात एक मिमीसुद्धा फरक पडत नाही. खरा फरक पडतो टेप सैल राहिल्याने, वेल्डच्या उंचवट्यावरून गेल्याने आणि टोकाचा हुक हलता असल्याने. हुक वापरूच नका. १०० मिमीच्या रेघेपासून माप सुरू करा आणि शेवटी १०० वजा करा. एकाने टेप दाबून धरायचा, दुसऱ्याने ताणायचा. कपड्याचा टेप नको, पोलादी पट्टीचा घ्या. पट्टीलाही जाडी असते, तीही मापात शिरते, पण ती अर्ध्या-पाऊण मिमीची गोष्ट आहे. परीघावर गुंडाळून थेट व्यास वाचता येतो असा पाय टेप मिळतो, त्यावर ही वजावट आधीच केलेली असते. रोज गोल काम असेल तर तो घेऊन टाका.

आणि डिश. तुमच्याकडचा हा किस्सा मुळात पत्रा कापण्याच्या आधीच टळला असता. तयार डिश कागदावर २००० ची असते, हातात येते तेव्हा चार-पाच मिमी इकडेतिकडे असते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डिश आणायची, तिच्या कडेच्या सरळ पट्टीवर बाहेरून टेप फिरवायचा आणि त्या मापावरून शेल कापायचं. दोन्ही एकाच जाडीचे असतील आणि बाहेरून सपाट जुळवायचे असतील, तर डिशच्या बाहेरच्या परीघातून जाडी गुणिले ३.१४ वजा करा, झाली कटिंग लेंथ. समजा डिश बाहेरून ६३२० भरली. त्यातून १५.७ गेले, ६३०४ कापा. यात व्यास कुठे आलाच नाही. पण हा ६३०४ तुमच्या ६३०० च्या पत्र्यात बसत नाही, हेही तेव्हाच कळतं. पत्रा कापल्यावर कळून काय उपयोग?

उभ्या सांध्यात गॅप ठेवली तर तेवढी लांबी परीघात मिळते, आणि वेल्ड गार होताना आकसून ती बरीचशी परत घेतो. ५ मिमीला दीड-दोन मिमी गॅप ठेवत असाल तर दोन्ही एकमेकांना खातात असं धरून चाला. मार्किंग झाल्यावर दोन्ही कर्ण मात्र जरूर ताडून घ्या. ६२९९ बाय १५०० चा कर्ण ६४७५ आला पाहिजे आणि दोन्हीकडून सारखा. कर्ण जुळले नाहीत तर लांबी कितीही बरोबर असो, गोल केल्यावर सांध्याशी दोन्ही टोकं वरखाली राहतात. तीन रोलरच्या मशीनवर पत्र्याची दोन टोकं सपाट राहतात, ती आधी प्रेसवर वाकवून घ्या. नाहीतर सांध्याशी शेल पेरूसारखं टोकदार होतं आणि टेप तिथे पोकळीवरून उडी मारतो.

निफाड-दिंडोरीकडून विहिरीचंही विचारतात, तेही इथेच सांगतो. कठड्याचं काम द्यायचं असतं, घेर काढायचा असतो, आणि मधोमध पाणी असल्याने व्यास मोजता येत नाही. बाहेरून टेप फिरत असेल तर प्रश्नच नाही. झाडंझुडपं, मोटारीचा पाइप, पायऱ्या आडव्या आल्या की काठाच्या आतल्या बाजूने दोन ठिकाणांच्या मध्ये दोरी ताणा. दोरीची लांबी ही जीवा. दोरीच्या मध्यापासून काठापर्यंतचं काटकोनातलं अंतर म्हणजे कमानीची उंची. जीवेचा वर्ग भागिले उंचीची चौपट, आणि आलेल्या उत्तरात उंची मिळवा: हा व्यास. २ मीटर जीवा आणि १५० मिमी उंची असेल तर व्यास ६८१७ मिमी, घेर २१.४ मीटर.

सूत्र बरोबरच आहे, पण फसवं आहे. उंची १५० ऐवजी १४८ मोजली गेली तर घेर २७७ मिमीने वाढतो. त्याच विहिरीला ५ मीटरची दोरी ताणलीत तर उंची १०९२ येते आणि तिथे दोन मिमी चुकले तर घेरात फक्त २७ मिमीचा फरक. म्हणजे दोरी जितकी लांब ताणता येईल तितकी ताणा. लहान वर्तुळात, पाइपाच्या तोंडात किंवा तबकडीवर, गुण्याच (काटकोनी पट्टी) वापरा. गुण्याचा कोपरा कडेला टेकवा, त्याच्या दोन्ही भुजा जिथे वर्तुळाला छेदतात त्या दोन खुणांमधलं अंतर हाच व्यास. केंद्र शोधायची गरज नाही.

वाइनरीच्या किंवा दुधाच्या टाक्यांवर क्लॅडिंग, म्हणजे बाहेरून पत्र्याचं आवरण, करणाऱ्यांसाठी एक सोय आहे, तुम्हालाही कधीतरी लागेल. टाकीवर ७५ मिमी पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, बसवला की परीघ ४७१ मिमीने वाढतो. टाकी एक मीटरची असो की चार मीटरची, वाढ तीच. कारण व्यास दोन्ही बाजूंनी मिळून १५० नेच वाढतो. हे पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही. मोठ्या टाकीला जास्त पत्रा वाढेल असं वाटत राहतं. तुमची टाकी नीट २०१० ओडीची झाली असती तर क्लॅडिंगचा परीघ ६३१५ अधिक ४७१, म्हणजे ६७८६, आणि वर ओव्हरलॅप.

आता जे शेल रोल होऊन पडलं आहे त्याचं काय? सगळ्यात आधी, २० मिमीची ती पट्टी सांध्यात घालून वेल्ड मारण्याचा मोह टाळा. वीस मिमीवर दोन वेल्ड शेजारी शेजारी आले की पत्रा तिथे ओढला जाऊन मुरडतो, आणि गळती लागली तर तिथूनच लागते. टॅक तोडा, सांध्याच्या एका बाजूने साधारण २८० मिमी पत्रा कापून काढा आणि तिथे २९९ चा गोलाईत वाकवलेला तुकडा बसवा. दोन उभे सांधे होतील, पण एकमेकांपासून पुरेसे लांब. हे नको असेल आणि गिऱ्हाईक तयार असेल तर शेल आहे तसं ठेवून बाहेरून २००४ ची डिश मागवा. दीड मीटर उंचीच्या टाकीत पाणी सुमारे २८ लिटरने कमी मावेल, ४७०० लिटरांत तेवढ्याने कोणी भांडत नाही. डिश सांगताना नुसतं 'दोन हजारची' म्हणू नका. माप, ते आयडी की ओडी आणि पत्र्याची जाडी, तिन्ही लेखी द्या. ३ मिमीची पायरी तशीच ठेवून वरून वेल्ड भरायचा सल्ला कोणी देईल. ५ मिमीच्या पत्र्यावर तो ऐकू नका.

शेवटी टँकर. लंबगोलाचा परीघ पायसारख्या एका आकड्याने गुणून मिळत नाही. बरेच जण लांब व्यास आणि आखूड व्यास यांची सरासरी काढून पायने गुणतात. २००० बाय १४०० च्या लंबगोलाला असे ५३४१ मिमी येतात. खरा परीघ ५३८२. एक्केचाळीस मिमी कमी पडले. रामानुजनने १९१४ मध्ये दिलेलं सूत्र इथे उत्तम चालतं. अर्धे व्यास घ्या, इथे १००० आणि ७००. दोघांच्या बेरजेची तिप्पट: ५१००. मग पहिल्याची तिप्पट अधिक दुसरा, ३७००, आणि पहिला अधिक दुसऱ्याची तिप्पट, ३१००. या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ३३८६.७. ते ५१०० मधून वजा करा, १७१३.३ उरले. त्याला ३.१४१६ ने गुणा, ५३८२ आले. वर्गमूळ मोबाईलवर आहेच. आणि व्यास इथेही मधल्या थराचेच घ्यायचे, म्हणजे आतली मापं असतील तर दोन्हींत एक-एक जाडी मिळवून.

पण हे सगळं टाकी खरोखर लंबगोल असेल तर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव फिरणारे पाण्याचे बरेच टँकर वर-खाली मोठ्या गोलाईचे आणि बाजूंना लहान गोलाईचे, असे चार कमानी जोडून केलेले असतात, कारण रोलरवर तेच सोपं पडतं. तिथे लंबगोलाचं सूत्र लावू नका. प्रत्येक कमानीची त्रिज्या आणि कोन घ्या. कोन भागिले ३६०, गुणिले त्या कमानीचा पूर्ण परीघ, अशी चार उत्तरं काढून बेरीज करा. ड्रॉइंग मिळालं नसेल तर जुन्या टँकरचा एन्ड प्लेट जमिनीवर ठेवून खडूने आखा, कडेने पातळ पट्टी वाकवत न्या आणि ती सरळ करून मोजा.